पोर्तुगालमधील चार क्षेत्रे : सहल, यात्रा आणि श्रद्धा

परदेशगमन हा एके काळी मोजक्या कुटुंबांच्याच वाट्याला येणारा योग होता. आता परिस्थिती पालटली आहे. गोव्यातील कित्येक घरांतील मुले-नातवंडे लिस्बन नगरीत स्थायिक झाली आहेत. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील भाविकही युरोपच्या प्रवासात पोर्तुगालचा समावेश करू लागले आहेत. निघण्यापूर्वी ही मंडळी आशीर्वादासाठी धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा बहुधा दोन प्रश्न पुढे येतात. एका दिवसात काय काय पाहून होईल, हा पहिला. आणि फातिमा येथे जे घडले त्यावर विश्वास ठेवणे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रवासाची व्यवस्था करणारा कोणीही देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर देणे हे धर्मगुरूंचे व धर्मशिक्षकांचे काम आहे. परंतु थोडा विचार केला असता असे दिसते की, हे दोन प्रश्न परस्परांपासून अलग नाहीत. काय पाहावे हे आपण कशासाठी जातो ह्यावर अवलंबून असते, आणि कशासाठी जातो हे आपल्या श्रद्धेच्या समजुतीवर. म्हणून प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

१. सहल आणि यात्रा

मराठी माणसाला यात्रा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. क्षेत्र, वारी, नवस हे शब्द त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. सहलीला जाणारा स्थळ पाहून परततो. यात्रेकरू त्या स्थळी स्वतःला पाहिले जाऊ देतो आणि शक्य झाल्यास थोडा बदलून परततो. दोघांची गाडी एक, रस्ता एक, जेवणाची वेळही एक असू शकते. फरक पडतो तो अंतःकरणाच्या तयारीने.

लिस्बनहून निघणाऱ्या खाजगी सहलीची रीत साधारणपणे अशी असते : सहा-आठ माणसे मावतील अशी मोटार, बहुधा चालक हाच वाटाड्या, सकाळी निवासस्थानाहून प्रस्थान आणि संध्याकाळी परत. नेहमीच्या आखणीत फातिमा, बाताल्या, नाझारे आणि ओबिदुश ही गावे असतात. मागणी केल्यास आल्कोबासा किंवा तोमार ह्यांचाही समावेश करता येतो. लिस्बन ते फातिमा हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. फातिमाहून तोमार सुमारे पस्तीस, तर बाताल्या सुमारे वीस किलोमीटरवर आहे. बाताल्याहून आल्कोबासा पुन्हा तितक्याच अंतरावर. चारही स्थळे एका दिवसात करावयाची म्हटल्यास चार ते साडेचार तास गाडीतच जातात. दहा तासांच्या दिवसातून ते वजा जाता उरलेल्या वेळात जेवण, विश्रांती आणि दर्शन हे सर्व बसवावे लागते.

नाझारे येथे समुद्रकाठच्या उंच कड्यावर देवमातेचे प्राचीन मंदिर आहे, आणि ओबिदुश हे तटबंदीच्या आतले सुंदर गाव आहे. ती पाहण्यासारखी नाहीत असे कोणी म्हणणार नाही. तथापि, ज्याला पोर्तुगालच्या ख्रिस्तसभेचा आणि पर्यायाने आपल्या इकडील ख्रिस्तसभेचाही इतिहास समजून घ्यावयाचा आहे, त्याने आल्कोबासा, तोमार, बाताल्या आणि फातिमा ह्या चार स्थळांना अग्रक्रम द्यावा. रस्त्याच्या सोयीने ती कोणत्याही क्रमाने पाहिली तरी मनात मात्र कालक्रम धरून ठेवावा. ह्या चार स्थळांतून एकच धागा गेलेला आहे, आणि तो आपल्या लोकांना चांगला परिचित आहे. तो धागा म्हणजे नवस.

२. आल्कोबासा : मठ आणि पुनरुत्थानाची आशा

पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिकेश ह्याने ११५३ मध्ये आल्कोबासाची भूमी सिस्टर्सियन संन्याशांना, म्हणजे क्लेअरव्हो येथील संत बर्नार्ड ह्यांच्या मठाला, दान दिली. ११४७ मध्ये सांतारेंम हे शहर मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकता यावे म्हणून राजाने केलेल्या नवसाची ही फेड होती, अशी परंपरा आहे. ११७८ मध्ये बांधकामास आरंभ झाला आणि १२५२ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. आत पाऊल टाकताच जाणवतो तो मोकळेपणा. शंभर मीटरांहून अधिक लांब आणि सुमारे वीस मीटर उंच अशा ह्या वास्तूत रंग नाही, सोने नाही, नक्षीही जवळजवळ नाही. केवळ दगड आणि प्रकाश आहे. प्रार्थनेच्या वेळी मन इकडेतिकडे जाऊ नये हा संत बर्नार्ड ह्यांच्या अनुयायांचा आग्रह येथे दगडात उतरला आहे. गोव्यातील सोनेरी वेदींना सरावलेल्या डोळ्यांना हे प्रथम रितेपण वाटेल. ते रितेपण सहेतुक आहे, हे बरोबरच्या मंडळींना अगोदर सांगून ठेवावे.

ह्याच चर्चमध्ये राजा पेद्रु पहिला आणि इनेश द कास्त्रु ह्यांच्या समाध्या आहेत. इनेशवर पेद्रुचे प्रेम होते. राजकारणास ते अडचणीचे वाटल्यामुळे पेद्रुच्या पित्याच्या संमतीने १३५५ मध्ये तिची हत्या झाली. पेद्रु राजा झाल्यावर त्याने मारेकऱ्यांचा क्रूर सूड घेतला आणि दोघांसाठी ह्या समाध्या कोरविल्या. त्या एकमेकींच्या समोरासमोर, पायांकडे पाय करून मांडल्या आहेत. अंतिम दिवशी उठताना पहिली दृष्टी एकमेकांवर पडावी, हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगतात. इनेशच्या समाधीच्या पायथ्याशी अंतिम न्यायाचे दृश्य कोरलेले आहे, आणि तिची समाधी ज्या आकृतींच्या पाठीवर टेकली आहे त्यांची शरीरे पशूंची व चेहरे माणसांचे आहेत. ते चेहरे मारेकऱ्यांचे, असे वाटाडे सांगतात.

वाटाड्या येथे प्रेमकथा रंगवून सांगेल. ते त्याचे काम आहे. धर्मशिक्षकाने मात्र पुढचा प्रश्न विचारावा : ह्या राजाने देहाचे पुनरुत्थान मानले होते, पण शत्रूला क्षमा करणे मानले होते काय? ज्या अंतिम न्यायाचे चित्र त्याने प्रियेच्या पायाशी कोरविले, त्या न्यायासमोर त्याला स्वतःलाही उभे राहावयाचे होते. शिवाय पुनरुत्थित जीवनात विवाहाचे नाते आजच्यासारखे उरत नाही, असे प्रभू येशूने सदुकी लोकांना सांगितले आहे (मत्तय २२). म्हणजे प्रियजनांच्या भेटीची आशा खोटी ठरते असे नव्हे. ती देवाच्या भेटीत पूर्णत्वास जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गात पुनरुत्थानाचा पाठ शिकविताना ह्या दोन समाध्यांचे चित्र फार उपयोगी पडेल.

आल्कोबासाचा मठ आज संन्याशांविना आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील नव्या राजवटीने पुरुषांचे सर्व संन्याससंघ बरखास्त केले व त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. हाच हुकूम पुढे गोव्यातही लागू झाला आणि जुन्या गोव्याचे मठ ओस पडले. संत ऑगस्टीनच्या मठाचा आज दिसणारा एकाकी मनोरा हे त्या घटनेचेच उत्तरचित्र आहे. आल्कोबासाच्या प्रचंड, थंड पडलेल्या स्वयंपाकघरात उभे असताना गोव्याच्या माणसाला हे नाते आठवावयास हवे.

३. तोमार : आपल्या इतिहासाचे उगमस्थान

सहलीच्या आखणीतून बहुधा वगळले जाणारे तोमार आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ११६० मध्ये टेम्पलर संघाचे प्रमुख गुआल्दिंम पाइश ह्यांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. आतील गोलाकार प्रार्थनामंदिर बाराव्या शतकाच्या अखेरचे असून त्याची रचना यरुशलेम येथील पवित्र वास्तूंची आठवण करून देते. १३१२ मध्ये पोपमहोदयांनी टेम्पलर संघ विसर्जित केला. तेव्हा पोर्तुगालचा राजा दिनिश ह्याने प्रयत्न करून त्याची मालमत्ता देशाबाहेर जाऊ दिली नाही, आणि १३१९ मध्ये पोप योहान बावीसावे ह्यांनी त्याच्या विनंतीवरून ‘ख्रिस्तसंघ’ ह्या नव्या संघास मान्यता दिली. १३५७ पासून तोमार हे ह्या संघाचे मुख्य ठाणे झाले.

१४२० मध्ये राजपुत्र हेन्रिक, ज्याला इतिहास ‘नाविक’ म्हणून ओळखतो, तो ह्या संघाचा प्रशासक झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे सरकणाऱ्या जहाजांच्या शिडांवरचा तांबडा क्रूस हा ह्याच संघाचा. १४५६ मध्ये पोप कालिक्स्त तिसरे ह्यांनी सागरापलीकडील नव्या प्रदेशांवरील आध्यात्मिक अधिकार ख्रिस्तसंघाकडे सोपविला. म्हणजे काही दशके तोमारच्या डोंगरावरील हा मठ कागदोपत्री आफ्रिकेपासून पूर्वेकडील देशांपर्यंतच्या ख्रिस्तसभेचे केंद्र होता. १५१४ मध्ये मदैरा बेटावर फुंशाल धर्मप्रांत स्थापन होऊन हा अधिकार तिकडे गेला, १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांत झाला आणि १५५७ मध्ये गोव्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ह्या व्यवस्थेस ‘पाद्रोआदो’ म्हणतात. राजाने चर्च बांधावी, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्या बदल्यात महागुरूंची नावे सुचवावीत, असा तिचा आशय. १६२२ मध्ये रोममध्ये धर्मप्रसारासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाल्यावर दोन अधिकारांत दीर्घकाळ संघर्ष झाला आणि त्याची झळ कोकण व मुंबई परिसरातील धर्मग्रामांना पिढ्यान् पिढ्या लागली. १९५० मध्ये पोर्तुगालने स्वतंत्र भारतातील आपले हे हक्क सोडून दिले. १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत अस्तित्वात आला, तो ह्या बदललेल्या परिस्थितीतच. आपल्या धर्मग्रामाचे जुने दफ्तर पोर्तुगीज भाषेत का, शेजारच्या गावाचे का नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तोमारपर्यंत जाऊन पोहोचते.

येथील प्रसिद्ध खिडकी अवश्य पाहावी. सोळाव्या शतकाच्या आरंभी दियोगु द आरुदा ह्याने ती घडविली. दोर, गाठी, समुद्रवनस्पती ह्यांचे दगडात कोरलेले जाळे आणि माथ्यावर ख्रिस्तसंघाचा क्रूस, असे तिचे स्वरूप आहे. राजा मनुएल ह्याच्या नावाने ओळखली जाणारी ही शैली आपल्याला अपरिचित नाही. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस ऑफ असिसी ह्यांच्या चर्चचे प्रवेशद्वार ह्याच शैलीतील आहे.

परंतु तोमारला जाणाऱ्याने मठ पाहून परत फिरू नये. खाली गावात एका अरुंद गल्लीत पंधराव्या शतकाच्या मध्यात बांधलेले यहुदी सभास्थान आहे. चार खांबांवर पेललेली ती एक साधी चौकोनी खोली आहे. पन्नास वर्षेही तिचा मूळ उपयोग झाला नाही. १४९६ च्या डिसेंबरात राजा मनुएल ह्याने यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला आणि १४९७ मध्ये त्यांना जाऊ देण्याऐवजी बळजबरीने बाप्तिस्मा दिला. मुले आईबापांपासून हिरावून घेण्यात आली. ह्या ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांवर नजर ठेवण्यासाठी १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. भारतातील औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता हे अशाच घराण्यातले. त्यांच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले, आणि त्याचा जाच येथल्या नवख्रिस्ती व हिंदू जनतेलाही झाला.

आपल्या लोकांसमोर हे बोलावे किंवा नाही, असा संकोच काहींना वाटतो. तो नसावा. श्रद्धा ही देवाची देणगी आहे. ती स्वेच्छेने स्वीकारावयाची असते आणि कोणावरही तिची सक्ती करता येत नाही, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात स्पष्टपणे मांडली. १२ मार्च २००० रोजी पोप योहान पॉल दुसरे ह्यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. आपल्या शेजाऱ्यांपैकी कोणी हा इतिहास काढला, तर तो नाकारणाऱ्या धर्मशिक्षकापेक्षा तो जाणणारा व त्याबद्दल दुःख करणारा धर्मशिक्षक सुवार्तेचा अधिक चांगला साक्षीदार ठरतो. तोमारचा मठ आणि तोमारचे सभास्थान एकाच दिवशी पाहावीत, ती ह्यासाठी.

४. बाताल्या : राजाचा नवस

१४ ऑगस्ट १३८५ रोजी, म्हणजे देवमातेच्या स्वर्गोन्नयनाच्या पूर्वदिनी, आल्जुबारोता येथे पोर्तुगालच्या लहान सैन्याने कास्तीलच्या मोठ्या सैन्याचा पराभव केला. राजा जुआंव पहिला ह्याने विजय मिळाल्यास देवमातेच्या सन्मानार्थ मठ बांधीन असा नवस केला होता. त्यातून ‘विजयमाता मरियेचा मठ’ उभा राहिला आणि तो संत डॉमिनिकच्या संघाकडे सोपविण्यात आला. त्याचे काम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालले. राजा आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा ह्यांच्या समाधीवरील मूर्तींनी एकमेकांचा हात हातात घेतला आहे. त्यांचा पुत्र हेन्रिक नाविक हाही तेथेच विसावला आहे. मागील बाजूस ‘अपूर्ण मंदिरे’ आहेत. राजा दुआर्त ह्याने ती आरंभिली, पण त्यांवर छप्पर कधीच चढले नाही. पाऊस थेट आतल्या फरशीवर पडतो.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. कास्तीलचे सैनिकही ख्रिस्तीच होते, आणि तेही मरियामातेचाच धावा करीत होते. मग तिने एका लेकराचे ऐकून दुसऱ्याला मारले काय? आपल्याकडे न्यायालयातील दावा, नोकरी, परीक्षा, निवडणूक ह्यांसाठी नवस बोलणारे भाविक असतात, आणि बहुतेक प्रसंगी एकाचे यश हे दुसऱ्याचे अपयश असते. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

धर्मविधिसंहितेनुसार (कलम ११९१) नवस म्हणजे शक्य असलेल्या व अधिक चांगल्या अशा गोष्टीविषयी देवाला जाणूनबुजून व मोकळेपणाने दिलेले वचन होय. ह्या व्याख्येत सौद्याला जागा नाही. नवसाने देवाचे मन वळत नाही. नवस करणाऱ्याचे मन देवाकडे वळावे अशी अपेक्षा असते. ह्याचे उत्तम उदाहरण बाताल्याच्या इतिहासातच आहे. त्या लढाईत पोर्तुगीज सैन्याचा सेनापती होता नुनु आल्वारेश परेरा. विजयानंतर तो देशातील सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक झाला. पुढे पत्नीच्या निधनानंतर त्याने आपली संपत्ती वाटून टाकली, १४२३ मध्ये लिस्बन येथील कार्मेल मठात साध्या बंधूच्या रूपाने प्रवेश केला आणि गरिबांना अन्न वाटीत १४३१ मध्ये तो मरण पावला. २६ एप्रिल २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी त्याला संतपद दिले. राजाच्या नवसातून मठ उभा राहिला, तर सेनापतीच्या विजयातून सेवक. ख्रिस्तसभेने वेदीवर स्थान दिले ते सेवकाला.

मठाच्या सभागृहात १९२१ पासून पहिल्या महायुद्धातील अज्ञात सैनिकांची समाधी आहे. दगडी खांबाचा आधार नसलेल्या त्या विशाल घुमटाखाली दोन पहारेकरी निश्चल उभे असतात. ह्याच युद्धाच्या काळात तेथून काही मैलांवर तीन मुलांना शांतीसाठी प्रार्थना करण्यास सांगण्यात आले. बाताल्याहून फातिमाकडे जाण्याची ही खरी वाट आहे.

५. फातिमा : घटना

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. १९११ च्या कायद्याने राज्य व ख्रिस्तसभा ह्यांची फारकत झाली, आणि धर्मसंस्थांवर कडक निर्बंध आले. १९१६ मध्ये देश महायुद्धात उतरला. अशा काळात १३ मे १९१७ रोजी कोवा दा इरिया नावाच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या लूसिया (१० वर्षे), फ्रान्सिस्कु (८ वर्षे) आणि जासिंता (७ वर्षे) ह्या तीन मुलांना एका तेजस्वी स्त्रीचे दर्शन झाले. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या तेरा तारखेस हे दर्शन घडत गेले. केवळ ऑगस्टमध्ये स्थानिक प्रशासकाने मुलांना अडकवून ठेवल्यामुळे ते १९ तारखेस दुसऱ्या जागी झाले. दररोज रोझरीची प्रार्थना करावी, पापी जनांसाठी प्रार्थना व त्याग करावा, असा त्यातला संदेश होता. १३ ऑक्टोबर रोजी हजारोंच्या जमावासमोर सूर्य फिरल्यासारखा दिसला, असे उपस्थितांपैकी पुष्कळांनी सांगितले. धर्मसंस्थेविषयी आस्था नसलेल्या ‘ओ सेकुलो’ ह्या लिस्बनच्या दैनिकानेही त्याचा वृत्तान्त छापला.

फ्रान्सिस्कु १९१९ मध्ये व जासिंता १९२० मध्ये, दोघेही साथीच्या आजाराने खंगून, मरण पावली. १९१९ मध्ये बांधलेले छोटे प्रार्थनामंदिर १९२२ मध्ये विरोधकांनी स्फोटाने उद्ध्वस्त केले. ते पुन्हा बांधण्यात आले. लैरियाच्या महागुरूंनी चौकशीमंडळ नेमले आणि १३ ऑक्टोबर १९३० रोजी ही दर्शने विश्वासार्ह असल्याचे घोषित करून फातिमाच्या मातेची भक्ती करण्यास अनुमती दिली. म्हणजे घटनेनंतर तेरा वर्षांनी. रोझरी-मातेच्या बॅसिलिकेचा अभिषेक १९५३ मध्ये झाला; तिचा मनोरा ६५ मीटर उंच आहे. समोरच्या टोकाला २००७ मध्ये परमपवित्र त्रैक्याची बॅसिलिका उभी राहिली, तीत आठ हजारांहून अधिक भाविक बसू शकतात. १३ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी फ्रान्सिस्कु व जासिंता ह्यांना संत घोषित केले. लूसिया कार्मेल संघाची व्रतस्थ भगिनी म्हणून २००५ मध्ये कोइंब्रा येथे निवर्तली.

६. फातिमा मानलेच पाहिजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देवाने स्वतःविषयी मानवाला जे सांगावयाचे ते आपल्या पुत्राच्या ठायी पूर्णपणे सांगितले आहे (इब्री १). ह्याला सार्वजनिक प्रकटीकरण म्हणतात. ते प्रेषितांच्या काळाबरोबर पूर्ण झाले असून त्यावर विश्वास ठेवणे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आवश्यक आहे. नंतरच्या काळात काही व्यक्तींना झालेल्या दर्शनांना खाजगी प्रकटीकरण ही संज्ञा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाप्रमाणे (परिच्छेद ६७) त्यांचे काम ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर घालणे किंवा सुधारणा करणे हे नव्हे. एखाद्या विशिष्ट काळात ते अधिक उत्कटतेने जगण्यास साहाय्य करणे, एवढेच त्यांचे काम होय. ख्रिस्तसभा अशा दर्शनास मान्यता देते तेव्हा तिचा अर्थ असा : ह्यात श्रद्धेस वा नीतीस बाधक असे काही नाही, ते जाहीर करावयास हरकत नाही, आणि भाविकांनी विवेकपूर्वक त्याचा स्वीकार करावा.

म्हणून उत्तर असे द्यावे : फातिमाची दर्शने हा श्रद्धासिद्धान्त नाही. ती न मानणारा कॅथलिक धर्मभ्रष्ट ठरत नाही. मात्र ख्रिस्तसभेने विचारपूर्वक दिलेला निर्वाळा आणि अनेक पोपमहोदयांनी तेथे जाऊन केलेली प्रार्थना ह्यांची टवाळी करणेही योग्य नव्हे. दोन मुलांना संतपद मिळाले ते त्यांना दर्शन झाले म्हणून नव्हे. त्या दर्शनानंतर ती ज्या निष्ठेने, धैर्याने व परोपकाराने जगली आणि आजार सोसून मेली, त्यासाठी ते मिळाले. हा भेद धर्मशिक्षकाने वारंवार सांगावा.

ह्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. फातिमाच्या ‘गुपिता’च्या नावाने जगबुडीची भाकिते करणारी पत्रके आपल्या धर्मग्रामांतून फिरत आली आहेत, आणि आता तीच हातातल्या दूरध्वनीवरून फिरतात. ह्या गुपिताचा तिसरा भाग व्हॅटिकनने २६ जून २००० रोजी, कार्डिनल रात्झिंगर ह्यांच्या धर्मशास्त्रीय भाष्यासह प्रसिद्ध केला आहे. त्यात विशिष्ट तारखांचे भविष्य नाही. दुःख सोसणाऱ्या ख्रिस्तसभेचे चित्र आणि पश्चात्तापाची हाक त्यात आहे. भीतीवर पोसलेली भक्ती शुभवर्तमानाच्या विरुद्ध जाते. तसेच ऑक्टोबरातील सूर्याचा प्रसंग ऐकून कोणी सूर्याकडे टक लावून पाहू नये, हेही स्पष्ट सांगावे. त्याने दृष्टीस कायमची इजा होते, आणि देवाने असे काही करावयास सांगितलेले नाही. नवीन दर्शनांच्या बातम्या कानांवर येतील तेव्हा १७ मे २०२४ रोजी रोमने जारी केलेले नियम ध्यानात ठेवावेत. त्यांनुसार आता सर्वसाधारणपणे एखादी घटना दैवी असल्याची घोषणा केली जात नाही. फार तर भक्तीस हरकत नाही, एवढेच सांगितले जाते.

७. सोबत जाणाऱ्यासाठी काही सूचना

फातिमाच्या विस्तीर्ण प्रांगणात एका गुळगुळीत पट्ट्यावरून गुडघ्यांवर चालत जाणारी माणसे दिसतात. मेणबत्त्या पेटविण्याच्या जागी माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, हृदय अर्पण केलेले आढळतात. वांद्र्याच्या डोंगरावरील मातेच्या यात्रेला गेलेल्या आपल्या माणसाला ह्याचे नवल वाटणार नाही. हा गरिबांचा नवस आहे. त्याने मठ उभे राहत नाहीत, वितळून जाणारे मेण तेवढे असते. त्याची थट्टा होऊ देऊ नये, आणि त्याची सक्तीही करू नये. आजाऱ्याने वा वृद्धाने शरीरास अपाय होईल असे काही करणे देवाला अभिप्रेत नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात असे. वाटाड्याशी आगाऊ बोलून फातिमा येथे किमान अडीच तास राखून ठेवावेत, म्हणजे मिस्सा, पापनिवेदन आणि काही काळ शांतता ह्यांना अवसर मिळेल. धर्मगुरूंना मिस्सा अर्पण करावयाची असल्यास आपल्या महागुरूंचे ओळखपत्र बरोबर न्यावे व क्षेत्राच्या कचेरीस आधी कळवावे. मे आणि ऑक्टोबरच्या तेरा तारखेच्या सुमारास लाखोंची गर्दी असते; तेव्हा एका दिवसाची सहल टाळावी. आल्कोबासा, तोमार व बाताल्या हे मठ आता सरकारी स्मारके असल्यामुळे नाताळ, नववर्षदिन, पुनरुत्थानाचा रविवार आणि १ मे रोजी बंद असतात. चारही स्थळांचा आग्रह धरल्याने धावपळ होत असेल, तर एखादे सोडावे, पण फातिमाचा वेळ कापू नये. शक्य असेल त्यांनी तेथे एक रात्र मुक्काम करावा. रात्रीची रोझरी आणि मेणबत्त्यांची मिरवणूक हे त्या क्षेत्राचे हृदय आहे, आणि संध्याकाळी लिस्बनला परतणाऱ्या गाडीतील प्रवाशांना ते कधीच दिसत नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रार्थनाहेतू मनात धरावा, आणि तो शक्यतो स्वतःपुरता नसावा. परतल्यावर धर्मशिक्षकाने यात्रेकरूंना एकत्र बोलावून, काय पाहिले ह्याबरोबरच आता घरी काय वेगळे करणार, हेही विचारावे. कुटुंबात खंडित झालेली संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, अबोला धरलेल्या भावाकडे कोणी पुन्हा गेले, शेजारच्या परधर्मीय कुटुंबाविषयी मनातली अढी गेली, तर पेद्रुच्या समाधीवरून, तोमारच्या सभास्थानातून आणि फातिमाच्या प्रांगणातून जे शिकावयाचे ते शिकून झाले असे समजावे. अशी माणसे धर्मग्रामात चार-दोन असली, तरी जे कधी पोर्तुगालला जाऊ शकणार नाहीत त्यांनाही त्या यात्रेचे फळ मिळते.